आकाशातून मोजलेले अरण्य

आरंभी एक सोपा प्रश्न. तुमच्या शाळेमागे एक आमराई आहे. तिच्यातली दहा झाडे कोणी तोडून नेली, तर ते तुम्हाला कसे कळेल? तुम्ही म्हणाल, त्यात काय कठीण? उरलेले बुंधे मोजले की झाले!

आता आमराईच्या जागी एक अफाट अरण्य घ्या. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात ॲमेझॉन नदीच्या खोऱ्याचा जो भाग कायद्याने ‘ॲमेझॉन प्रदेश’ म्हणून ठरवला आहे, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० लाख चौरस किलोमीटर आहे. आपला सबंध भारत दीड वेळा ठेवला, तरच तेवढी जागा भरेल! तेथे रस्ते थोडे, नद्या पुष्कळ, आणि झाडी इतकी दाट की भर दुपारीही जमिनीवर ऊन पोचत नाही. या अरण्यातली किती झाडी गेल्या वर्षी तुटली, हे बुंधे मोजून कोण सांगणार? वनरक्षकांची पलटण पाठवली, तरी त्यांचे पहिले टोक मोजून होईपर्यंत दुसऱ्या टोकाला काय झाले हे कोणाला ठाऊक?

हे मोजमाप आज होते, आणि दर वर्षी होते. ते कसे होते, त्यात चुका कोठे होतात आणि त्याचा उपयोग काय झाला, हे आपण पाहू.

उंचावरचा डोळा

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने एक कृत्रिम उपग्रह सोडला. त्याला पुढे ‘लँडसॅट-१’ हे नाव मिळाले. पृथ्वीपासून ९०० किलोमीटरहून अधिक उंचीवरून तो फिरत असे आणि दर १८ दिवसांनी त्याच जागेवर परत येत असे. त्याच्यावर एक क्रमवीक्षक, म्हणजे जमिनीची एक एक ओळ वाचत जाणारे यंत्र होते. व्हर्जिनिया नॉरवुड या महिला अभियंत्याने त्याची रचना केली होती. यंत्रातला आरसा सेकंदाला सुमारे १३ वेळा इकडून तिकडे डोलत असे, आणि प्रत्येक झोक्याबरोबर जमिनीचा एक पट्टा वाचला जाई.

‘वाचणे’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. आपण काढतो तसे छायाचित्र हे यंत्र काढत नव्हते. ते जमिनीचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाकडून किती प्रकाश परत आला, याचा एक आकडा लिहून घेत होते. अशा एका चौकोनाला ‘पिक्सेल’ म्हणतात. लँडसॅट-१ चा पिक्सेल साधारण ८० मीटर लांबीरुंदीचा, म्हणजे सुमारे दीड एकराचा होता. त्याहून लहान शेत त्याला वेगळे दिसणे अवघड.

१ मार्च १९८४ रोजी सोडलेल्या लँडसॅट-५ च्या नव्या यंत्राचा पिक्सेल ३० मीटरांवर आला. ३० गुणिले ३० म्हणजे ९०० चौरस मीटर, सुमारे नऊ गुंठे. या उपग्रहाची एक फेरी १६ दिवसांची, आणि एका चित्राची रुंदी १८५ किलोमीटर. आता तुम्हीच हिशेब करा. १८५ किलोमीटर लांब व तितक्याच रुंद जागेत ३० मीटरचे किती चौकोन मावतील? उत्तर येईल सुमारे ३ कोटी ८० लाख! एका चित्रात इतके आकडे, आणि तेही प्रत्येक रंगासाठी वेगळे. लँडसॅट-५ ने हे काम जवळजवळ २९ वर्षे केले.

या उपग्रहांची आणखी एक खुबी आहे. एखाद्या ठिकाणावरून ते दर वेळी जवळपास त्याच स्थानिक वेळी, सकाळी दहाच्या सुमारास जातात. असे का? सूर्य सकाळी आणि दुपारी वेगवेगळ्या उंचीवर असतो, सावल्या लहानमोठ्या होतात. वेळ बदलली, की न बदललेले अरण्यही बदललेले भासेल. दोन चित्रांची तुलना करायची, तर ती एकाच घटकेला घेतलेली हवीत.

पान हिरवे, पण उजळ कशात?

अरण्य आणि मोकळी जमीन यांतला फरक यंत्राला कसा कळतो? तुम्ही म्हणाल, हिरव्या रंगावरून. पण गवत हिरवे, पीक हिरवे, शेवाळलेले तळेही हिरवेच. हिरव्या रंगावर फार विसंबून चालत नाही.

येथे दुसरे दोन साक्षीदार कामाला येतात. पहिला तांबडा प्रकाश. पानातील हरितद्रव्य अन्न तयार करण्यासाठी तांबडा प्रकाश शोषून घेते. म्हणून निरोगी पानावरून तो फार थोडा परत येतो. दुसरा साक्षीदार आपल्या डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश. पानातल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांवर आदळून तो मोठ्या प्रमाणात परत उसळतो. आपले डोळे जर अवरक्त प्रकाश पाहू शकले असते, तर वडाचे झाड आपल्याला झळाळताना दिसले असते!

म्हणजे तांबडा कमी आणि अवरक्त जास्त, ही जिवंत पानांची खूण झाली. उघड्या मातीत दोन्हींमध्ये इतका फरक नसतो. शास्त्रज्ञ यावरून एक सोपा निर्देशांक काढतात. अवरक्तातून तांबडा वजा करायचा, आणि आलेल्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागायचे.

समजा, दाट झाडीवरून १०० पैकी ४० भाग अवरक्त आणि ३ भाग तांबडा प्रकाश परत आला. वजाबाकी ३७, बेरीज ४३. भागाकार ०.८६. आता समजा, नांगरलेल्या जमिनीवरून २८ भाग अवरक्त आणि २० भाग तांबडा परत आला. वजाबाकी ८, बेरीज ४८. भागाकार ०.१७. एक आकडा एकाच्या जवळ, दुसरा शून्याच्या जवळ. गेल्या वर्षी ०.८६ असलेला पिक्सेल यंदा ०.१७ झाला, तर तेथे काय घडले असेल हे सांगायला ज्योतिषी नको!

उपग्रहाच्या चित्रांत अरण्य पुष्कळदा लालभडक का दिसते, याचेही उत्तर यात आहे. अवरक्त प्रकाश आपल्याला दिसत नाही, म्हणून चित्र छापताना त्याला लाल रंग देतात. चित्रातला लाल म्हणजे हिरवीगार झाडी, हे एकदा लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

माशाचा सांगाडा

आता ब्राझीलच्या पश्चिम भागातील रोंडोनिया या राज्यात जाऊ. १९७० साली तेथे जेमतेम एक लाख अकरा हजार लोक राहत होते. पुढे सरकारने देशाच्या इतर भागांतील भूमिहीन कुटुंबांना तेथे जमिनी देण्यास सुरुवात केली. बीआर-३६४ नावाचा महामार्ग अरण्यातून गेलेला होता. जागतिक बँकेच्या कर्जाच्या मदतीने १९८४ मध्ये तो पक्का झाला आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. १९९१ साली लोकसंख्या अकरा लाखांच्या वर गेली.

या काळातली उपग्रहचित्रे एकापुढे एक ठेवली, तर काय दिसते? प्रथम अखंड झाडी आणि तिच्यातून गेलेली एक बारीक रेघ. हा महामार्ग. नंतर त्या रेघेला दोन्ही बाजूंनी, ठरावीक अंतरावर, काटकोनात फुटलेल्या आडव्या रेघा. मग त्या रेघा जाड होत जातात. हुबेहूब माशाचा सांगाडा! शास्त्रज्ञांनी या आकृतीला नावही तेच दिले.

सांगाडा असाच का झाला? कारण जमिनीची वाटणी तशी होती. साधारण १०० हेक्टरांचे लांबट तुकडे पाडून ते रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिले गेले, आणि चारपाच किलोमीटरवर दुसरा समांतर रस्ता. प्रत्येक कुटुंबाने आपल्या दारातल्या रस्त्यापासून झाडे तोडत आत जायला आरंभ केला. पण तेथील बहुतेक मातीत पोषक द्रव्ये थोडी. अरण्याची श्रीमंती मातीत नसून झाडांत आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यात असते. झाडे जाळली की राखेचे खत दोनचार वर्षे पुरते, मग पीक खाली येते. शेताचे कुरण होते, आणि शेतकरी आणखी आत सरकतो.

रोंडोनियात १९७८ सालापर्यंत सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर अरण्य तुटले होते. १९८८ पर्यंत हा आकडा ३०,००० वर गेला, १९९८ मध्ये सुमारे ५३,३०० झाला आणि २००३ मध्ये सुमारे ६७,८००. पंचवीस वर्षांत सोळा पट! मात्र त्याच चित्रांच्या मध्यभागी एक मोठा गडद भाग आजही उठून दिसतो. तो उरु-एउ-वाउ-वाउ या आदिवासींचा राखीव प्रदेश. चहूकडे कुरणे, आणि सीमारेषेच्या आत अरण्य. नकाशावर आखलेली रेघ जमिनीवर पाळली गेली तर काय होते, हे या चित्रात शब्दांवाचून वाचता येते. त्या रेघेवर अतिक्रमणाचे डाग पडतात, तेही त्याच चित्रात दिसतात.

वजाबाकी करताना घ्यायची काळजी

दोन वर्षांची चित्रे घेतली आणि वजाबाकी केली, इतके का हे सोपे आहे? नाही. वाटेत बरेच चकवे आहेत.

पहिला चकवा ढगांचा. विषुववृत्ताजवळच्या अरण्यावर ढग फार. पांढरा ढग आणि त्याची काळी सावली, दोन्ही यंत्राला फसवतात. म्हणून ब्राझीलचे शास्त्रज्ञ कोरड्या महिन्यांतली चित्रे निवडतात. रडार असलेले उपग्रह ढगांतूनही पाहू शकतात, कारण रेडिओ लहरींना ढगांचा अडथळा होत नाही. भारत आणि अमेरिका यांनी मिळून ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘निसार’ हा असाच रडारचा उपग्रह आहे.

दुसरा चकवा ऋतूंचा. आपल्याकडचे सागवान उन्हाळ्यात निष्पर्ण होते. फेब्रुवारी ते मे महिन्यांतले चित्र पावसाळ्यानंतरच्या चित्राशी ताडून पाहिले, तर सारे जंगल तुटले असेच वाटेल! म्हणून तुलना नेहमी एकाच ऋतूतल्या चित्रांची.

तिसरा चकवा नव्या वाढीचा. तोडलेल्या जागी पाचसहा वर्षांत झुडपे माजतात आणि निर्देशांक पुन्हा वर चढतो. यंत्र म्हणते, हिरवे आहे. पण शेकडो वर्षांचे अरण्य आणि पाच वर्षांचे झुडूप एक नव्हे. येथे सावली मदतीला येते. जुन्या अरण्याचा माथा खालीवर असतो, उंच झाडांची सावली बुटक्या झाडांवर पडते, आणि चित्र खडबडीत व गडद दिसते. कुरण किंवा कोवळी झुडपे त्या मानाने सपाट आणि उजळ दिसतात.

आणि शेवटी, चित्रावरून काढलेला निष्कर्ष खरा की खोटा, हे प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन तपासावे लागते. उपग्रहाने पायांचे काम कमी केले, संपवले नाही.

अंदाज आणि मोजमाप

१९८० च्या दशकात ॲमेझॉनमध्ये दर वर्षी किती अरण्य तुटते, याबद्दल जगात मोठा वाद होता. निरनिराळे अंदाज २१ हजारांपासून ८० हजार चौरस किलोमीटरपर्यंत पसरलेले होते. डेव्हिड स्कोल आणि कॉम्प्टन टकर या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७८ आणि १९८८ या दोन सालांची तुलना लँडसॅटच्या चित्रांवरून केली आणि १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. ब्राझीलच्या ॲमेझॉनमधले तुटलेले क्षेत्र दहा वर्षांत ७८ हजारांवरून २ लाख ३० हजार चौरस किलोमीटर झाले होते. म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे १५ हजार.

हा आकडा सगळ्या अंदाजांहून कमी निघाला. मग चिंता संपली का? त्याच अभ्यासाची दुसरी बाजू ऐका. अरण्याच्या कडेला ऊन आणि वारा आत घुसतात. जमीन सुकते, उंच झाडे उन्मळतात, शेजारच्या कुरणातली आग आत शिरते. या दोघांनी तुटलेल्या भागाबरोबरच वेगळे पडलेले तुकडे आणि कडेपासून एक किलोमीटरपर्यंतचा पट्टाही मोजला. बेरीज झाली ५ लाख ८८ हजार चौरस किलोमीटर! तुटलेल्या भागाच्या अडीच पट अरण्याला झळ पोचली होती. कुऱ्हाड जेथे पडली तेवढेच नुकसान, हा समज चुकीचा ठरला.

वर्षाचा ताळेबंद आणि रोजची हाक

ब्राझीलची राष्ट्रीय अंतराळ संशोधन संस्था १९८८ पासून दर वर्षी हा ताळेबंद मांडते. त्यात सव्वासहा हेक्टरांहून, म्हणजे सुमारे पंधरा एकरांहून मोठा तुकडा मोजला जातो. एकदा तुटले असे ठरलेले क्षेत्र पुन्हा मोजणीत घेत नाहीत, मग तेथे झुडपे का वाढेनात.

पण वर्षअखेरीचा हिशेब म्हणजे चोर पळून गेल्यावर काढलेला पंचनामा. म्हणून २००४ साली दुसरी योजना सुरू झाली. हिची चित्रे तितकी बारीक नव्हती, पण ती वारंवार मिळत. कोठे नवी तोड दिसली की तिचे ठिकाण पर्यावरण खात्याच्या अधिकाऱ्यांना कळवायचे, म्हणजे करवत चालू असतानाच माणसे तेथे पोचतील. या कामात पुढे भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या, ५६ मीटर पिक्सेलच्या कॅमेऱ्याची चित्रेही वापरली गेली. आणि ब्राझीलने स्वतः बनवलेला ‘ॲमेझोनिया-१’ हा निरीक्षक उपग्रह २८ फेब्रुवारी २०२१ रोजी श्रीहरिकोट्याहून भारताच्याच अग्निबाणाने अवकाशात नेला.

याचा परिणाम काय झाला? ताळेबंदातले काही आकडे पाहा. १९९५ मध्ये एका वर्षात सुमारे २९ हजार चौरस किलोमीटर अरण्य तुटले. २००४ मध्ये सुमारे २७,८००. मग उतरण लागली, आणि २०१२ मध्ये आकडा सुमारे ४,६०० वर आला. ही सारी करामत उपग्रहाची नव्हे, हे नीट समजून घ्या. नवी राखीव वने, दंड, जप्ती, बेकायदा तोड करणाऱ्यांची कर्जे रोखणे, तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांचा करार, या सगळ्यांचा त्यात वाटा होता. पण कोठे जायचे आणि कोणाला पकडायचे, हे उपग्रहाने सांगितले. पुढे पहारा सैल झाला तेव्हा आकडा परत चढला. २०२१ मध्ये तो १३ हजारांवर होता. पहारा पुन्हा कडक झाला, आणि २०२४ मध्ये तो सुमारे ६,३०० पर्यंत उतरला. डोळा तोच होता. बदलला तो हात.

आकडा गैरसोयीचा असेल तर तो सांगणाऱ्यावरही रोष होतो. २०१९ साली राष्ट्राध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांनी संस्थेच्या आकड्यांवर जाहीर शंका घेतली. संचालक रिकार्दो गाल्वाव या भौतिकशास्त्रज्ञांनी आकड्यांचा तितकाच जाहीर बचाव केला, आणि ऑगस्टमध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्याच वर्षाचा ताळेबंद निघाला तेव्हा तोड १० हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे २००८ नंतरची सर्वांत मोठी ठरली. माणूस बदलला, तरी चित्रातले पिक्सेल बदलले नाहीत. लँडसॅटचे एक चित्र एके काळी काही हजार डॉलरला मिळे. २००८ सालापासून ती सगळी सर्वांसाठी मोफत खुली झाली, त्यामुळे संस्थेचा हिशेब कोणालाही पडताळता येतो.

वन कशाला म्हणायचे?

आपल्या देशातही हा अनुभव आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने लँडसॅटच्या चित्रांवरून १९७२ ते ७५ आणि १९८० ते ८२ या काळांची तुलना केली. वनाच्छादन देशाच्या भूमीच्या १६.९ टक्क्यांवरून १४.१ टक्क्यांवर आल्याचे दिसले. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने १९८७ मध्ये पहिला अहवाल काढला, त्यात मात्र आकडा साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास होता. पाच वर्षांत वने एवढी वाढली का? मुळीच नाही. दोघांची मोजण्याची रीत वेगळी होती.

आजही वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत, एक हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांच्या शेंड्यांची सावली दहा टक्के किंवा अधिक असेल तर ते वनाच्छादन. मग ती जमीन कोणाची का असेना, आणि झाडे आंब्याची का असेनात! ब्राझीलचा ताळेबंद मूळच्या अरण्याचाच हिशेब ठेवतो. दोन्ही व्याख्या आपापल्या कामापुरत्या ठीक आहेत, पण एकीचा आकडा दुसरीच्या शेजारी मांडता येत नाही. म्हणून वर्तमानपत्रात ‘वने वाढली’ किंवा ‘वने घटली’ असे वाचाल, तेव्हा आधी विचारा, वन म्हणजे काय धरले आहे?

करून पाहा

आलेखाचा कागद घ्या. एक चौकोन म्हणजे एक चौरस किलोमीटर समजा. कागद म्हणजे अखंड अरण्य. त्यात सहा बाय सहा चौकोनांचा एक ठोकळा काळा करा. ही ३६ चौरस किलोमीटरांची तोड झाली. आता ठोकळ्याला लागून चारी बाजूंचे, कोपऱ्यांसह, एक चौकोन रुंदीचे कडे तांबड्या पेन्सिलीने रंगवा आणि मोजा.

दुसऱ्या कागदावर तेवढेच ३६ चौकोन काळे करा, पण सहा वेगळ्या पट्ट्यांत. प्रत्येक पट्टी सहा चौकोन लांब, एक चौकोन रुंद, आणि दोन पट्ट्यांमध्ये निदान दोन चौकोनांची जागा. प्रत्येक पट्टीभोवतीचे कडे रंगवा आणि मोजा.

पहिल्या कागदावर तांबडे चौकोन २८ भरतील. दुसऱ्यावर १०८! तोड दोन्हीकडे सारखीच, ३६. पण दुसऱ्या कागदावर झळ पोचलेले अरण्य जवळजवळ चौपट. दुसरा कागद जरा दूर धरून पाहा. मधून एक रेघ ओढलीत, की रोंडोनियातला माशाचा सांगाडा तुमच्या हातात असेल. रस्ता आखणाऱ्याने आधी असा एक कागद रंगवून पाहिला असता, तर?